हाँगकाँगचे परवाने आणि शिवडीचे गोदाम

हाँगकाँग बंदरात हस्तिदंत किंवा खवले मांजराचे खवले पकडल्याची बातमी आली की आपल्याकडे ‘ही माणसे काहीही खातात’ अशा प्रतिक्रियांचा पाऊस पडतो. मला ही चर्चा आळशीपणाची वाटते, कारण खाणाऱ्याच्या जिभेइतकाच हा प्रश्न मालासोबत फिरणाऱ्या कागदांचा आहे.

तिथल्या साई यिंग पुन भागात सुक्या मासळीची दुकाने ओळीने लागली आहेत. काचेच्या मोठ्या बरण्यांमध्ये शार्कचे पर आकारानुसार लावलेले असतात. कातडी सोललेले आणि वाळून फिकट पिवळे पडलेले. (सुक्या बोंबलांच्या वासात वाढलेल्याला हा बाजार फारसा परका वाटू नये.) या पराला स्वतःची अशी चव जवळजवळ नसतेच, त्याच्या सूपला चव येते ती कोंबडीच्या रश्श्याने. हॅमरहेडसारख्या काही जातींच्या व्यापाराला २०१४ पासून साइट्स या धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार परवाना लागतो. मात्र सोललेला पर कोणत्या जातीचा, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणे अतिशय कठीण असल्यामुळे, डीएनए चाचणी होत नाही तोवर परवान्याचा आणि बिनपरवान्याचा माल एकाच बरणीत सुखाने नांदू शकतो. मे २०२० मध्ये इक्वेडोरहून आलेल्या दोन कंटेनरांत सुमारे २६ टन पर सापडले, म्हणजे अंदाजे ३८,५०० शार्क.

हस्तिदंताच्या बाबतीत हाँगकाँग उशिरा का होईना, शहाणे झाले. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरल्यानंतरही तिथे जुना साठा परवान्यावर विकण्याची मुभा होती, आणि त्या आडोशाने ताजा माल खपवायला वाव राहत होता. जानेवारी २०१८ मध्ये विधिमंडळाने टप्प्याटप्प्याच्या बंदीचा कायदा संमत केला, शिक्षा दहा वर्षे कैद आणि १ कोटी हाँगकाँग डॉलर दंडापर्यंत वाढवली, आणि २०२१ च्या अखेरीस, पुरातन वस्तूंचा अपवाद वगळता, ही विक्री बंद झाली. त्याच वर्षी वन्यजीव तस्करीचे गुन्हे संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली आले. मला हा बदल अधिक मोलाचा वाटतो. जानेवारी २०१९ मध्ये नायजेरियाहून व्हिएतनामकडे निघालेल्या एका कंटेनरात, गोठवलेल्या मांसाच्या नावाखाली, ८.३ टन खवले आणि २.१ टन हस्तिदंत सापडले होते. एवढा व्यवहार एखाद्या हमालाच्या किंवा कारकुनाच्या बळावर होत नाही, त्यामागे भांडवल असते आणि आता तपास त्या पैशापर्यंत नेता येतो.

आता आपल्याकडे पाहू. भारताने फेब्रुवारी २०१५ मध्ये सर्व जातींच्या शार्कच्या परांची निर्यात बंद केली. तरीही सप्टेंबर २०१८ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबईत शिवडीला आणि गुजरातेत वेरावळला मिळून सुमारे ८ टन पर पकडले. हा माल दुसऱ्याच सुक्या मासळीच्या नावाने चीन आणि हाँगकाँगला जाणार होता. म्हणजे त्या बरण्या भरणाऱ्यांत आपणही आहोत.

सरसकट बंदीने कोळ्यांच्या पोटावर पाय येईल, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पण निर्यातबंदी परांवर आहे, आणि कोकणात मुशी (लहान शार्क) खाल्ली जाते ती मांसासाठी. परांचा मोठा नफा निर्यातदार आणि दलालाकडे जातो. म्हणून हाँगकाँगने परांवरही हस्तिदंतासारखीच बंदी आणावी आणि आपल्या यंत्रणांनी गोदामाला टाळे ठोकून न थांबता निर्यातदारांची बँक खाती तपासावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.