काकूंच्या वाटीतला रस काळा पडला

आज दुपारी एका घरी सुट्टी संपतानाचं जेवण होतं. शाळा पंधरा दिवसांवर आल्यात, आंबा संपत आलाय, भावंडं आपापल्या गावी परतणार, म्हणून "अगदी घरगुती, साधंसंच, बाराच जण". त्या बारांतल्या एक, ज्यांच्या घरी हे सगळं होतं त्या काकू, साडेबारापासून पावणेतीनपर्यंत कढईपुढे उभ्या होत्या. त्यांच्या वाट्याचा रस कुणीतरी आठवणीने वाटीत काढून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला होता. त्या बसल्या तेव्हा रसावर तपकिरी थर धरला होता. त्यांनी चमच्याने तो बाजूला सारला आणि उरलेला खाल्ला. बाहेर तोवर बडीशेप फिरून झाली होती.

दुपारपासून डोक्यातून ती वाटी जात नाही, म्हणून लिहायला बसलोय.

बारा माणसांच्या जेवणाला आमरस, पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, साधं वरण, आळूवडी, कोथिंबीरवडी, दोन कोशिंबिरी, कुरडया, पापड, मठ्ठा आणि वर आइस्क्रीम. याला साधंसं म्हणतात? मे महिन्याच्या भर दुपारी, बंद स्वयंपाकघरात, दोन शेगड्या पेटवून? आणि पंख्याखाली बसून "गरम पुरी आहे का अजून?" असं विचारणाऱ्या एकाही माणसाला उठून झारा हातात घ्यावासा वाटला नाही. आपल्या या गटातल्या कुणालाही हे पटवून द्यायची गरज नाही, मला माहीत आहे. पण मग आपल्याच घरांमधून दरवर्षी हेच का चालतं?

मान्य, कढईतून थेट पानात आलेल्या टम्म पुरीला तोड नाही. पण त्या पुरीसाठी एक माणूस पंगतीतून वजा करायचा असेल तर ती पुरी नको.

माझं म्हणणं एवढंच आहे की माणसं जमल्यानंतर गॅस पेटताच कामा नये. हे अशक्य वाटत असेल तर खाली सगळा हिशोब देतो, बारा जणांचा, म्हणजे आठ मोठे आणि चार मुलं.

आधी वेळ. दुपारचं जेवण ठेवूच नका. संध्याकाळी साडेपाचला या म्हणावं, सहाला पानं. गच्ची असेल तर पाच वाजता दोन-तीन बादल्या पाणी मारा, नाहीतर स्लॅब आठपर्यंत पायाला चटके देते. साडेसातच्या आत जेवणं उरकायची. त्याला कारण आहे. मृग लागतो ७-८ जूनच्या सुमारास, पण वळीव त्याच्या आधीपासूनच संध्याकाळी हजेरी लावतो, आणि एक सर पडून गेली की अंधार पडताच पंखांचे किडे दिव्यावर झुंबड करतात. रसाच्या पातेल्यावर दिवा टांगलेला असेल तर पुढचं सांगायला नको. उजेड हवाच असेल तर दिवा जेवणापासून दहा-बारा फूट लांब, जिन्याच्या बाजूला लावा. आणि सतरंज्या, भांडी सगळं दोन फेऱ्यांत खाली नेता येईल इतकंच वर न्या.

आता आंबा. या दिवसांत कोकणातला हापूस जवळजवळ आटोपलेला असतो. बाजारात हापूस म्हणून जे मिळतं त्यात दक्षिणेकडचा आंबा बराच असतो. 'हापूस' नावाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी, पण हातगाडीवर ते कोण बघतो. मे अखेरीला सरळ केसर घ्या. रसाला रंग छान येतो, रेषा कमी असतात आणि पैसेही कमी जातात. पायरी मिळाली तर अर्धी पायरी, अर्धा केसर. पायरीचा रस पातळ आणि सुवासिक असतो, केसरचा दाट, दोन्ही मिळून रस पुरीला नीट लागतो.

माणशी पाव लिटर धरा, म्हणजे ३ लिटर रस. पाव किलोच्या आसपासचा एक आंबा धरला तर साल-कोय जाऊन निम्म्याहून थोडा जास्त गर हातात येतो. दोन डझन, साधारण ६ किलो आंबा लागतो. त्यात दोन-तीन खराब निघणार हे धरूनच दोन डझनावर तीन जास्त घ्या. पाच-सहा दिवस आधी कडक आंबा आणून गवतात किंवा कागदात ठेवा, एकावर एक दोनपेक्षा जास्त थर नकोत, रोज हात फिरवून तयार झालेले बाजूला काढा. देठाजवळ वास आला आणि बोटाला किंचित दाब जाणवला की झाला. तयार आंबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तीन-चार दिवस सहज राहतो. कच्चा मात्र फ्रीजमध्ये ठेवू नका, तो मग नीट पिकतच नाही. नुसता रंग आलाय आणि वास नाही, असा आंबा घेऊच नका.

रस काढायच्या आधी आंबे तासभर पाण्यात बुडवून ठेवायचे, चीक जातो. मग प्रत्येक आंबा वेगळ्या वाटीत पिळायचा, बघायचा, जिभेवर ठेवायचा आणि मगच पातेल्यात. इथे घाई केली की पस्तावता. हापूसमध्ये साका असतो, आत पांढरट, आंबट, स्पंजासारखा भाग. बाहेरून तो कधीच कळत नाही. पावसाची सर खाल्लेल्या आंब्यात अळी निघू शकते. तेवीस चांगल्या आंब्यांचा रस एका वाईट आंब्यापायी ओतून द्यावा लागणं यासारखं दुःख नाही. मिक्सर दोन-तीनदा नुसता फिरकी देऊन थांबवायचा. जास्त फिरवला तर हवा शिरते, फेस येतो, रंग फिका पडतो आणि रस लवकर काळपटतो. रेषा असतील तर पुरणयंत्रातून काढा. साखर शेवटी आणि चव बघूनच, कारण साखरेने रस पातळ होतो. मीठ चिमूटभर. दूध घालायचंच असेल तर वाढताना ज्याच्या त्याच्या वाटीत घाला.

काळा का पडतो? हवा लागते म्हणून. कोयी टाकून ठेवल्या की रस काळा पडत नाही असं घरोघरी सांगतात. टाका हवं तर. पण खरा उपाय म्हणजे उभं, अरुंद तोंडाचं स्टीलचं भांडं काठोकाठ भरायचं, रसाला टेकेल अशी ताटली किंवा केळीचं पान वर दाबायचं आणि थेट फ्रीजमध्ये. ३ लिटरला एक चमचा लिंबाचा रस घातला तर चवीला कळत नाही आणि रंग टिकायला थोडी मदत होते. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात अजिबात नको. हे सगळं दुपारी चारच्या आत संपवा, कारण वळवाच्या पहिल्या वाऱ्याला वीज जाते आणि मिक्सर तसाच राहतो. वाढताना भांडं बर्फ भरलेल्या परातीत ठेवा, चार किलो बर्फ पुरतो. उघड्यावर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेला रस परत साठवू नका, फसफसतो.

ओट्यावरच्या वाटीत हे काहीच नव्हतं. उघडी वाटी, शेजारी पेटलेली शेगडी, सव्वादोन तास.

आता पुरीकडे वळतो, कारण भांडण तिथंच आहे. साधी पुरी पानात गरमच हवी, थंड झाली की चामट होते. म्हणून साधी पुरी करूच नका. तिखटमिठाची करा. ती गार झाल्यावर उलट जास्त चांगली लागते आणि गोड रसाबरोबर तिचं जमतंही फार छान. १ किलो कणीक, १०० ग्रॅम बेसन, मूठभर रवा, दोन चमचे तिखट, एक चमचा हळद, एक चमचा ओवा, मीठ तीन-साडेतीन चमचे, चार मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. पाणी साधारण अर्धा लिटर, पण ते एकदम ओतायचं नाही. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवं. वीस मिनिटं झाकून ठेवा. तासभर ठेवलंत तर सैलावतं आणि पुऱ्या तेल पितात. पंचवीस ग्रॅमची एक लाटी केली तर ६५ च्या आसपास पुऱ्या होतात. मोठ्यांना सहा, मुलांना चार म्हटलं तर लागतात ६४.

लाटताना पिठी नको, तेलाचं बोट लावा. पिठी कढईत तळाला बसते, जळते आणि शेवटच्या वीस पुऱ्यांवर काळे ठिपके येतात. पुरी फुगत नसेल तर तीन गोष्टी बघा: कडेला जाड नि मध्ये पातळ लाटली गेली आहे का, लाटून ठेवलेल्या पुऱ्या वाऱ्यावर सुकल्या आहेत का (ओलसर फडकं झाकायचं), आणि तेल पुरेसं तापलंय का. पिठाची गोळी टाकली की लगेच वर आली पाहिजे. तळाशी रेंगाळली तर थांबा. सकाळी नऊ वाजता, ऊन चढायच्या आत, दोघांनी बसायचं, एक लाटेल, एक तळेल, तासाभरात होतं. दोघांनी, हे परत लिहितो. तळलेल्या पुऱ्या गरम असताना डब्यात कोंबू नका, वाफ धरून ओल्या होतात. जाळीवर वीसेक मिनिटं पसरून मग सुती फडक्यात गुंडाळून ठेवा.

बाकी पानात चारच गोष्टी, जोडीला कुरडया. उकडलेल्या बटाट्याची सुकी भाजी, पावणेदोन किलो बटाटे, सकाळीच करून गार होऊ द्यायची. आंबेडाळ: पाव किलो हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून भरड वाटायची, एक मध्यम कैरी किसून, वरून हिंग-मोहरी-सुकी मिरचीची फोडणी. काकडीची कोशिंबीर, दाण्याचं कूट घालून, पण मीठ पानं मांडताना, नाहीतर तासात पाण्यात पोहते. आणि दहीभात, अर्धा किलो तांदळाचा मऊ भात. या उकाड्यात तो नुसत्या दह्यात कालवला तर संध्याकाळपर्यंत आंबट होतो, म्हणून गार भातात अर्धा-पाऊण लिटर गार दूध आणि दोनच चमचे दही घाला, संध्याकाळपर्यंत बरोबर विरजतो. कुरडया सकाळी पुऱ्यांच्याच तेलात तळून घट्ट झाकणाच्या डब्यात. बाहेर भुरभुर सुरू झाली तर डबा पानं वाढल्यावरच उघडा, क्षणात सादळतात.

आल्या आल्या हातात पन्हं. १ किलो कैऱ्या उकडून गर काढा, गराच्या दीडपट गूळ, मीठ, वेलची. एक भाग गर, चार भाग माठातलं पाणी. बारा जणांना पुरून मुलांना दुसरा पेला मिळतो.

कुणी म्हणेल, काही जणींना करून वाढायलाच आवडतं. असतील. आवडतं म्हणून सव्वादोन तास एकटीला उभं ठेवायचं हे मात्र कुठल्या प्रेमात बसतं ते मला कळलेलं नाही.

आणि "येताना काय आणू?" या प्रश्नाला "काही नको गं" हे उत्तर बंद करा. "काहीतरी गोड आणा" हेही नको, तीन घरांतून तीन श्रीखंडाचे डबे येतात. नेमकं सांगा. एकाने आंबेडाळ. एकाने कोशिंबिरीची सव्वा किलो काकडी कोचून. एकाने बर्फ. एकाने सकाळी नऊला यायचं, लाटायला. आणि प्रत्येकाने आपापलं ताट, वाटी, पेला घेऊन यायचं आणि खरकटं घेऊन घरी जायचं. पळसाच्या द्रोणात रस वाढायची हौस असेल तर दोन द्रोण एकात एक घाला, एक द्रोण गळतो.

इतकं लिहून राग जरा उतरला. काकूंना मघाशी फोन केला होता. पाय सुजलेत म्हणाल्या. मग लगेच, "पुऱ्या फुगल्या होत्या ना रे सगळ्या?" फुगल्या होत्या, काकू. एकूण एक.

पुढच्या रविवारी त्यांच्याच गच्चीवर परत जमतोय, मुलं निघायच्या आधी. यादी वर आहे. पुऱ्या लाटायला मी, तळायला त्यांचा मोठा मुलगा, त्याने कबूल केलंय. रसाला दोघे हवे आहेत, दुपारी अडीचला, हात धुऊन. बर्फ कोण आणतंय ते खाली लिहा. काकूंनी फक्त त्यांची वाटी आणायची आहे.