माणूस केंद्रस्थानी ठेवून अनुदान कसं उचलावं

मार्च लागला की सोलापुरात दोन गोष्टी वाढतात, ऊन आणि प्रश्नावल्या. उन्हाचं कारण सूर्य, प्रश्नावल्यांचं कारण 31 तारीख. सध्या शहरातल्या बस थांब्यांवर अशीच एक प्रश्नावली हातात पडते आहे. पानं 6, प्रश्न 42, आणि आठवा प्रश्न असा : ‘थांब्यावरील तापीय सुखसोयीबाबत आपली समाधान-पातळी 1 ते 5 या श्रेणीत नोंदवा.’ एका हातात पिशवी, कडेवर पोर आणि डोळे बसच्या वाटेकडे लागलेल्या बाईला हे विचारण्यासाठी कुणीतरी रीतसर पैसे मंजूर केलेत. मग तुम्हीच मागे का? विषय चलतीचा आहे, पैसा सरकारचा आहे आणि माणसं थांब्यावर फुकट उभी आहेत. पुढच्या सूचना तेवढ्या मनापासून पाळा.

सुरुवात शीर्षकापासून. त्यात ‘मानवकेंद्रित’, ‘सर्वसमावेशक’ आणि ‘शाश्वत’ हे तीन शब्द हवेत, शेपटाला ‘सोलापूर शहराचा एक अभ्यास’. थांबा, ऊन, गटार, खड्डा हे शब्द चुकूनही नकोत. ‘बस थांब्याची सावली कुठं पडते?’ असं लिहिलंत तर छाननी समितीला वाटेल, हे तर कुणीही जाऊन बघू शकतं. तसं त्यांना वाटलं की प्रस्ताव गेला.

प्रस्तावनेत स्मार्ट सिटी घाला. जानेवारी 2016 मध्ये निवडलेल्या पहिल्या 20 शहरांत सोलापूर नवव्या क्रमांकावर होतं आणि ती योजना 31 मार्च 2025 ला संपली. मधल्या नऊ वर्षांबद्दल कुणी काही विचारत नाही, पण पान भरतं.

दार कुठलं ठोठवायचं ते आधी ठरवा. समाजशास्त्राच्या अंगानं जायचं असेल तर भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद 1969 पासून बसलेली आहेच. मोठा हात मारायचा असेल तर 2023 च्या कायद्यानं आलेलं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन बघा. त्याचा 5 वर्षांचा आकडा 50,000 कोटींचा. त्यातले 36,000 कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत, ही बारीक अक्षरातली गोष्ट. तुम्ही मोठ्या अक्षरांकडे लक्ष द्या.

ड्रोन मागा. कशाला, ते नंतर ठरेल.

नमुना 384 जणांचा घ्या. का म्हणून विचारू नका, सगळे तेवढाच घेतात. 95 टक्के विश्वासपातळी, 5 टक्के चूक, 1.96 चा वर्ग गुणिले 0.25 भागिले 0.05 चा वर्ग, उत्तर 384.16. आता अपूर्णांकातला माणूस घेता येत नाही, म्हणून खरं तर वर जाऊन 385 घ्यायला हवेत. पण तो तीनशे पंच्याऐंशीवा माणूस आजवर बहुतेकांना सापडलेला नाही. शिवाय हे सूत्र माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कुठलाही पक्षपात न होता निवडली असतील तरच चालतं. आपण मात्र ती कॉलेजच्या गेटसमोरून उचलतो, कारण तिथं पोरं बसलेली असतात आणि फॉर्म मोबाईलवर भरून देतात. सरासरी वय 21 निघतं. मग निष्कर्षात लिहायचं, ‘शहरातील प्रवासी तंत्रस्नेही आहेत.’

भाषेची काळजी करू नका. प्रश्नावली आधी इंग्रजीत करा, मग तिचं शासकीय मराठी करा आणि शहराच्या पूर्व भागात वाटून मोकळे व्हा. तिथं घराघरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून येणारे कन्नड बोलतात, असल्या तपशिलांनी खर्च वाढतो. सावलीला तेलुगूत ‘नीडा’ म्हणतात, कन्नडात ‘नेरळु’. हे दोन शब्द माहीत असलेला पोरगा बरोबर घेतला तर निम्मी प्रश्नावली पाच मिनिटांत उरकते. पण त्याच्याकडे नेट-सेट नाही, तेव्हा तो कुठल्या पदावर दाखवणार? राहू द्या. ‘तापीय सुखसोय’ कुणालाच कळत नाही, म्हणजे सगळ्या भाषांना समान न्याय झाला. कुणी ‘ऊन लागायलंय की ओ, दिसंना का?’ असं म्हणालं तर त्याला 1 ते 5 मध्ये जागा नाही. 3 वर खूण करा.

अंदाजपत्रकात माणसाला कुठं बसवायचं हा नाजूक प्रश्न आहे. ज्युनिअर रिसर्च फेलोला, म्हणजे प्रकल्पावरच्या शिकाऊ संशोधकाला, 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं असा केंद्राचा दर आहे. प्रवासाला हेड, म्हणजे खर्चाचा रकाना, आहे, छपाईला आहे, किरकोळ खर्चाला कंटिंजन्सी आहे, संस्थेच्या वाट्याला ओव्हरहेड आहे. ज्या माणसाला केंद्रस्थानी ठेवायचं, त्याला मात्र हेड नाही. विडी घरकुलातली बाई दोन तास तुमच्याशी बोलत बसली तर दोन तासांच्या विड्या गेल्या, आणि तिची मजुरी हजार विड्यांच्या हिशोबानं, तुमच्या समाधान-पातळीच्या नाही. तिला त्याचे पैसे देता येतील का, असं लेखा विभागात विचारून बघा. उत्तर येईल : ‘अल्पोपाहारात दाखवा, पण जीएसटीचं बिल आणा.’ टपरीवाला कुठलं देणार? मग एसी हॉलमधली कार्यशाळा हाच मार्ग उरतो, कारण हॉलवाल्याकडे बिलबुक असतं. कार्यशाळेसाठी रंगीत चिकट चिठ्ठ्या घ्या. गुलाबी आधी संपतात, जास्तीच्या मागवा.

मोजपट्टी विकत घेऊ नका. पाच मीटरच्या साध्या टेपवरून ती वापरून संपणारी उपभोग्य वस्तू की नोंदवहीत कायम राहणारा जडसंग्रह, असा लेखापरीक्षणाचा आक्षेप निघतो आणि प्रकल्प संपल्यावरही तिची नोंद तुमच्या नावावर राहते.

फुटपाथवर प्रकरण हवंच. इंडियन रोड्स काँग्रेसचं 103 क्रमांकाचं मार्गदर्शक आहे. चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी, डोक्यावर 2.2 मीटर मोकळी उंची, कडेचा दगड 150 मिलीमीटरच्या वर नाही. ते शब्दशः उतरवून घ्या. ‘मोकळी’ या शब्दावर रेंगाळू नका. त्या 1.8 मधून विजेची डीपी, दिव्याचा खांब, झाडाचा कठडा आणि लावलेल्या मोटारसायकली वजा केल्या तर साठ सेंटीमीटर उरतात, आणि ते मोजायला तुमच्याकडे टेप नाही. उताराचं गणितही टाळा. व्हीलचेअरसाठी एकास बारा उतार लागतो, म्हणजे 150 मिलीमीटर चढायला 1.8 मीटर लांबी. जागेवर दीड फुटात उरकलेला असतो, एकास तीन. त्यावरून व्हीलचेअर चढत नाही, मोटारसायकल बरोबर चढते. अंध माणसांसाठीच्या पिवळ्या फरश्यांचा फोटो मात्र मुखपृष्ठावर घ्या. उभ्या पट्ट्यांची फरशी म्हणजे सरळ चला, ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढं काहीतरी आहे. पट्ट्या जाऊन थेट खांबाला टेकत असतील तर खांब फोटोतून कापा.

पाणी यायच्या दिवशी वस्तीत जाऊ नका. काही दिवसांनी नळ आल्यावर बॅरल भरणारी बाई मानवकेंद्रित मनःस्थितीत नसते.

आता वेळापत्रक. हे नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथं आहे. प्रस्ताव जून-जुलैत जातो, मंजुरीचं पत्र दिवाळीनंतर येतं, पहिला हप्ता डिसेंबर-जानेवारीत. बऱ्याच केंद्रीय योजनांत हल्ली पैसा तुमच्या खात्यात पडतच नाही. सरकारचा पैसा एकाच तिजोरीत ठेवणाऱ्या ट्रेझरी सिंगल अकाउंटखाली शून्य शिल्लक खात्यावर फक्त खर्चाची मर्यादा येते. ती 31 मार्चच्या रात्री लॅप्स. पुढचा हप्ता हवा तर आधी उपयोगिता प्रमाणपत्र, 2017 च्या वित्तीय नियमांतला नमुना 12-अ : आधीची शिल्लक, आलेले, व्याज, खर्च, उरलेले. व्याज झालं असेल तर ते सरकारला परत. हे सगळं होऊन नवी मर्यादा यायला पाऊस लागतो. मधल्या एप्रिल, मे, जूनमध्ये फेलोचा पगार थांबलेला, गाडीभाड्याला पैसा नाही, फिल्डवर्क बंद. म्हणजे सोलापूरच्या उन्हाचा अभ्यास जानेवारी ते मार्च. गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची, गर्दी होम मैदानावर असते तेव्हा, हवेत गारवा असतो तेव्हा, आणि तोही सकाळी साडेदहाला, कारण फेलोला चारची गाडी पकडायची असते. पारा चाळीसच्या वर जातो त्या महिन्यांत शहरात एकही प्रश्नावली दिसत नाही. पावसात फुटपाथ पाण्याखाली जातो तेव्हाही नाही. अहवालात तक्ता येतो : ‘उष्णतेबाबत तीव्र तक्रार आढळली नाही.’ कशी आढळेल?

आणि थांब्यांची मोजणी. ही करताना फक्त थांब्याच्या आत बघा, मागं बघू नका. मागं बघितलंत तर घोटाळा होतो तो असा. दक्षिणोत्तर रस्त्याच्या पूर्व कडेचा थांबा घ्या, दक्षिणेकडे घरी परतणाऱ्यांचा. त्याचं तोंड पश्चिमेला. मे महिन्यात दुपारी साडेचारला सोलापुरात सूर्य क्षितिजापासून साधारण 32 अंशांवर असतो. म्हणजे कुठल्याही कडेची सावली तिच्या उंचीच्या दीडपटीहून थोडी जास्त लांब जाऊन पडते. छप्पर अडीच मीटर उंच, बसलेल्या माणसाचं डोकं 1.2 मीटरवर. फरक 1.3, दीडपट केली की दोन मीटर. छपराची रुंदी किती? दीड मीटर! म्हणजे छपराच्या सावलीत छपराखालचा माणूस नाही. सावली पडलीय थांब्याच्या पाठीमागं, जाहिरातीच्या पत्र्याच्या पलीकडे, गटाराच्या झाकणावर आणि दुकानाच्या पायरीवर. बाक स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांचा, पुढं झुकवलेला, कुणी आडवं होऊ नये म्हणून. दुपारभर तापलेला. त्याच्यावर कोण बसणार? माणसं शहाणी आहेत. ती मागं जाऊन सावलीत उभी राहतात, जाहिरातीमुळं तिथून बस दिसत नाही म्हणून दर मिनिटाला एक जण मान काढून बघतो. बस येते, ड्रायव्हरला थांबा रिकामा दिसतो, तो वेग कमी करत नाही, मागची माणसं धावत पुढं येईपर्यंत बस गेलेली. पुढची कधी, ते विचारू नका.

आता तुमचा मोजणीदार काय लिहितो? थांब्यात माणसं : 2. मागं अकरा उभी होती, ती रकान्यात नाहीत, कारण रकान्याचं नाव ‘थांब्याचा वापर’. निष्कर्ष : थांब्याचा वापर अल्प. शिफारस : थांबा कमी करावा किंवा जाहिरातीतून उत्पन्न वाढवावं. जाहिरातीचा पत्रा आणखी रुंद होतो. मागची सावली वाढते, हा त्यातला मानवकेंद्रित भाग.

सिग्नलचं राहिलं. पादचाऱ्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरा, पंधरा मीटरच्या रस्त्याला साडेबारा सेकंद. गुडघे दुखणारी आजी 0.8 नं चालते, तिला एकोणीस लागतात. ती नमुन्यात नव्हती.

बास आता. सल्ले संपले.

अहो, तुम्ही शिकली-सवरलेली माणसं आहात. पैसे देणारेही आणि घेणारेही. मार्चला पैसा मरतो हे दोघांनाही माहीत आहे, दरवर्षी माहीत असतं, आणि दरवर्षी दोघंही जानेवारीत ‘उष्णतेचा अभ्यास’ सुरू करून मोकळे होता. एप्रिल ते जूनची मर्यादा आधीच राखून ठेवायची तरतूद मागायला कुणी हात धरलाय? प्रस्तावाच्या नमुन्यात ‘माहिती देणाऱ्याची बुडालेली मजुरी’ अशी एक ओळ घालायला कितीसा कागद लागतो? ज्या 384 जणांचा वेळ खाल्लात त्यांच्यातल्या एकाकडे तरी पुन्हा गेलात का, की बाई, तुम्ही हे सांगितलंत, त्यातून हे निघालं? अहवाल वातानुकूलित कपाटात आणि बाक अजून उन्हात. लाज वाटत नाही?

पाच मीटरचा टेप, एक तापमापक, तेलुगू-कन्नड येणारी दोन पोरं आणि मे महिन्यातल्या दहा दुपारी. एवढ्यात शहरातला प्रत्येक पश्चिममुखी थांबा मोजून होतो. कुठं छप्पर मागं दोन मीटर वाढवायचं आणि बाक त्याच्याखाली सरकवायचा, कुठं पुढची कड खाली आणायची, कुठं मधला पत्रा काढून जाळी लावायची म्हणजे बस दिसेल, कुठं नळ्या काढून लाकडी पट्ट्या बसवायच्या. ही वेल्डरची कामं आहेत, त्याला ड्रोन लागत नाही.

आणि आठव्या प्रश्नाचं उत्तर एवढंच हवं असेल, तर पेन खिशात ठेवा, मेमध्ये साडेचारला त्या थांब्यावर जा, त्या बाकावर तळहात टेकवा आणि 1 ते 5 मोजून दाखवा.