कांदा, काळाराम आणि एसपीएफ ५०

आमचं लेकरू गोरं आहे. म्हणजे लग्नाच्या बायोडेटावर लिहितात तसलं गोरं नाही, खरोखरचं, पांढऱ्या चादरीवर झोपवलं तर आधी डोळे शोधावे लागतात इतकं. नवऱ्याच्या घरचे सगळे घारेगोरे, तो सगळा ऐवज याने एकट्याने उचलला आणि माझ्याकडून फक्त नाक घेतलं. मी नाशिकची, रंग जुन्या गुळाचा. पुण्यात सोसायटीच्या बागेत याला घेऊन बसले की नवीन राहायला आलेल्या बायका हमखास विचारतात, किती घेता महिन्याचे? एकदा वैतागून सांगितलं, काही देत नाहीत हो, वर रात्रीचं पण उठवतात.

तर गेल्या वर्षी गच्चीवर पापड वाळत घालताना याला शेजारी बसवला होता, वीसेक मिनिटं फक्त, तर पापड वाळायच्या आत हा भाजला. गाल, नाक, कान सगळं लालबुंद, रात्रभर रडारड. डॉक्टरांनी मलाच झापलं आणि यादी दिली, सकाळी अकरा ते चार बाहेर नाही, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, रुंद काठाची टोपी, बाहेर पडायच्या अर्धा तास आधी सनस्क्रीन आणि मग दर दोन तासांनी परत. यादी वाचायला सोपी आहे. ज्यांनी केली त्यांच्या घरी दोन वर्षाचं पोर नसावं.

यंदा पाडव्याला जोडून चार दिवस माहेरी गेलो. मार्चअखेर, पारा अडतीसला. नाशिककर मंडळी लगेच सांगतात की आमच्याकडे ऊन असलं तरी हवा गार असते, आणि ते खरंय, पण तीच तर गोम आहे, गाव सहाशे मीटर उंचीवर, वारा सुटलेला, गार वाटतंय म्हणून माणूस उभा राहतो आणि ऊन आपलं काम करत राहतं. कातडी भाजायला गरम वाटावं लागतच नाही. हे मी घरात सगळ्यांना सांगितलं. बाबा पेपर वाचत होते, ते वाचत राहिले.

आईचं म्हणणं, उन्हाचा त्रास म्हणजे ऊन लागणं, आणि त्यावर इलाज एकच, खिशात कांदा. तिचं माहेर निफाड तालुक्यातलं, लासलगावचा बाजार हाकेच्या अंतरावर, कांद्यावर श्रद्धा असणारच. मी म्हटलं अगं ऊन लागणं वेगळं, त्यात अंग तापतं, शरीरातलं पाणी कमी होतं, त्याला पन्हं पाज, ताक पाज, काय हवं ते कर, पण हे वरून भाजणं आहे, कातडी लाल होते, फोड येतात, त्याला कांदा काय करणार? आईने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरं मग दोन ठेव.

पहिल्या दिवशी ठरलं की सकाळी सातला गंगेवर जायचं, साडेआठला घरी. (बाहेरच्यांसाठी सांगते, गोदावरीला नाशकात गंगाच म्हणतात, उगाच कुणाला उत्तरेकडची गाडी शोधत पाठवू नका.) सातला सनस्क्रीन लावायला घेतलं. हा प्रकार म्हणजे साबण लावलेल्या मांजराला स्वेटर घालण्यासारखा, दुसरा हात लावून होईपर्यंत पहिला हात सोफ्याला पुसलेला असतो. त्यात लहान मुलांचं म्हणून झिंक ऑक्साईडवालं आणलेलं, ते जिरत नाही, पांढरं थरावर थर बसतं. नवरा शेजारी उभा राहून हिशोब करत होता की एसपीएफ तीसने ९७ टक्के किरणं अडतात आणि पन्नासने ९८, म्हणजे त्या एका टक्क्यासाठी आपण दीडशे रुपये जास्त मोजले. मी म्हटलं तो एक टक्का तू धर, मी बाकीचे ९८ धरते, पण पाय तरी धर.

निघेपर्यंत साडेनऊ.

रामकुंडावर याला सगळंच आवडलं, कबुतरं, घंटा, पाणी, आणि खिशातला कांदा. मी पार्किंगच्या पावतीसाठी सुट्टे शोधत होते तेवढ्यात त्याने कांद्याचा कचकन चावा घेतला. मग जे झालं ते असं, कांद्याने डोळ्यात पाणी, पाण्याने कपाळावरचं क्रीम खाली, क्रीम डोळ्यात, त्याने आणखी पाणी, आणि संतापाच्या भरात हाताला लागेल ते भिरकावणे, लागली ती टोपी. टोपी थेट गंगेत. द्रोणातल्या दिव्याच्या मागोमाग निघाली की ही! तिथे पाण्यात पैसे शोधणारी पोरं असतात, दिवसभर उघडी उन्हात, काळीभोर आणि मस्त, त्यातल्या एकाने सूर मारून आणून दिली आणि वीस रुपये घेतले. टोपीला गंगास्नान घडलं, तिची सगळी पापं गेली, सोबत इलॅस्टिक पण गेलं. पलीकडे दुतोंड्या मारुती भर उन्हात उभा, डोक्यावर छप्पर नाही, पूर येऊ दे की ऊन येऊ दे त्याला फरक नाही, आणि आमच्याकडे हा पांढरे ओघळ आलेला बालमारुती, भोकाड पसरून.

तिथून काळाराम. खरंतर घरी जायला हवं होतं पण आई म्हणाली इथवर येऊन देवाला न भेटता कसं जायचं, आणि ह्यावर मुलीकडे उत्तर नसतं. चप्पल बाहेर काढल्या आणि मला कळलं की मी पोराच्या कानामागे सुद्धा क्रीम लावलंय पण तळव्यांचा विचारच केला नाही. सगळं मंदिर काळ्या दगडाचं, फरसबंद आवार, अकरा वाजत आलेले. हा दोन पावलं चालला आणि तिसरं पाऊल खाली टाकेचना, बगळ्यासारखा एका पायावर, मग दुसऱ्या. उचलला आणि मीच नाचत सभामंडपापर्यंत पळाले.

दर्शनाच्या रांगेत मी परत ट्यूब काढली, दोन तास होत आले होते. मागच्या काकू कौतुकाने बघत होत्या. म्हणाल्या, रंग टिकवायला लावता का हो? छान केलंत, जपायलाच पाहिजे. मी म्हटलं नाही हो, भाजतो म्हणून. त्यांनी मान डोलावली, म्हणजे आपल्या माणसाचं गुपित कळल्यावर डोलावतात तशी. मग हळूच म्हणाल्या, मुलगी असती तर सोनं झालं असतं, मुलाला काय करायचाय एवढा रंग. आणि हे सगळं कुठे, तर समोर साक्षात काळा राम, बाजूला काळी सीता, काळा लक्ष्मण, अख्खा पंचवटीचा गाव ज्याच्या पायावर डोकं ठेवतो तो. मी आईकडे बघितलं, म्हटलं आता ही तरी बोलेल. आई म्हणाली, हो ना, आमच्या जावयांवर गेलाय.

दुसऱ्या दिवशी मामाच्या द्राक्षबागेत गेलो. शेवटची तोडणी चालू होती. शिल्लक ओळींत एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून पिन मारलेली. मी विचारलं, मामा हे अजून ठेवलंत? मामा म्हणाले, मग? दिवसा ऊन, रात्री गारठा, मणी गुलाबी पडतो, पिंक बेरी म्हणतात त्याला, वरून उन्हाने डाग पडले की एक्स्पोर्टवाला हातसुद्धा लावत नाही, डिसेंबर-जानेवारीत बायका लावून एकेक घड झाकावा लागतो. मग त्यांनी माझ्या पोराकडे बघितलं, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पांढरं तोंड, इलॅस्टिक गेलेली टोपी नाकावर आलेली. म्हणाले, बरोबर करतेयस तू, थॉमसन जातीचं द्राक्षच आहे हा, झाकायलाच पाहिजे.

मला खरंच डोळ्यात पाणी आलं, कांद्याशिवाय. दोन वर्षांत पहिला माणूस ज्याला कळलं.

मामांनी खाली पडलेला एक कागद घेतला, त्याची होडीवाली टोपी केली आणि याच्या डोक्यावर बसवली. आणि हा पठ्ठ्या, ज्याने तीन टोप्या फेकल्या, एक गंगार्पण केली, त्याने ही दोन्ही हातांनी धरून ठेवली. वेलीखाली सावलीत दोन तास फिरला, एकदाही काढली नाही. मी निवांत द्राक्षं खाल्ली.

घरी येऊन टोपी काढली तर भाजलेलं काही नाही, लाल काही नाही, फक्त कपाळभर काळी अक्षरं. एसपीएफ पन्नासच्या थरावर पेपरची शाई सहीसही उमटलेली, उलटी. कितीही पुसलं तरी जाईना, वर हा हात लावू देईना. आईने चष्मा लावला, त्याला उचलून आरशासमोर नेलं आणि वाचायला लागली. "उन्हाळ कांदा... आवक... सरासरी..." मग थोडं थांबून म्हणाली, "अगं, भाव पडलाय. याची मान जरा डावीकडे कर, पुढचं केसात गेलंय."