स्टिगवुडला लॉटरी लागली नव्हती

रॉबर्ट स्टिगवुडचं नाव निघालं की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. रॉक बँडांचा मॅनेजर, सिनेमातलं ओ की ठो कळत नव्हतं; 1977 मध्ये डिस्कोची लाट आली, ‘सॅटरडे नाइट फीव्हर’ या सिनेमाची लॉटरी लागली आणि लाट ओसरताच गडी संपला.

सिनेमातलं कळत नव्हतं? ‘फीव्हर’च्या आधीच ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ (1973) आणि ‘टॉमी’ (1975) हे सिनेमे निर्माता म्हणून त्याच्या नावावर होते. लंडनमध्ये ‘हेअर’ हे रॉक संगीतनाटकही त्यानेच आणलं, तेही 1968 मध्ये नाटकांवरची सेन्सॉरशिप उठल्याच्या दुसऱ्याच दिवशी!

आता लॉटरी. 1961 मध्ये जॉन लेटन हा नट त्याच्या हाताखाली होता. स्टिगवुडने त्याला टीव्ही मालिकेत पॉप गायकाची भूमिका मिळवून दिली, मालिकेतच ‘जॉनी रिमेंबर मी’ गायला लावलं आणि रेकॉर्ड ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. पडद्यावर गाणं दाखवायचं आणि दुकानात रेकॉर्ड विकायची, हे गणित त्याने ‘फीव्हर’च्या सोळा वर्षं आधी सोडवलं होतं. मधे 1965 मध्ये त्याचं दिवाळंही निघालं. नशीबवान माणूस म्हणे.

‘फीव्हर’साठी त्याने आधी एका मासिकातल्या लेखाचे हक्क घेतले. (तो ‘सत्य’ वृत्तांत बराचसा रचलेला होता, हे लेखकाने पुढे स्वतःच कबूल केलं.) जॉन ट्रॅव्होल्टा या नटाला तीन चित्रपटांसाठी बांधून घेतलं. ‘बी जीज’ हा त्याचा बँड; ते तेव्हा फ्रान्समध्ये स्वतःच्या नव्या अल्बमच्या कामात होते. स्टिगवुडचा फोन गेला आणि ती गाणी चित्रपटाकडे वळली. ‘हाउ डीप इज युवर लव्ह’ सप्टेंबर 1977 मध्ये बाजारात आलं, सिनेमा डिसेंबरमध्ये. मधले तीन महिने रेडिओ सिनेमाची फुकट जाहिरात करत होता आणि वर रेकॉर्डचे पैसे येत होते ते वेगळेच. पुढे सिनेमाच्या गाण्यांचा अल्बम अमेरिकेत सलग 24 आठवडे पहिला राहिला.

लाटेबरोबर संपला म्हणावं, तर 1978 चा ‘ग्रीस’ 1950 च्या दशकातल्या शाळकरी पोरांचा, आणि त्याने ‘फीव्हर’पेक्षा जास्त गल्ला केला. 1981 मध्ये ‘गॅलिपोली’, 1996 मध्ये ‘एविटा’. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ अल्बमवरचा त्याचा सिनेमा आपटला आणि त्याची रेकॉर्ड कंपनीही पुढे गुंडाळली गेली, एवढं मान्य.

पण या ‘लॉटरी’त खरी गोची झाकली जाते. मॅनेजरने कलाकाराच्या बाजूने रेकॉर्ड कंपनीशी भांडायचं असतं. इथे बी जीजचा मॅनेजर स्टिगवुड, रेकॉर्ड कंपनी स्टिगवुडची, निर्माताही स्टिगवुड. भांडायचं कोणी कोणाशी? 1980 मध्ये बी जीजनी त्याच्यावर 20 कोटी डॉलरचा दावा ठोकला, तो याच गुंत्यावर बोट ठेवून. पुढच्या वर्षी तो कोर्टाबाहेर मिटला. लॉटरीवाले या खटल्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.