‘आकाशगंगा दिसलीच नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा. तुम्ही टोपणनावाने लिहिलंय, म्हणून दादाच म्हणतो.

अकोल्याच्या आसपास तारे बघायला कुठे जावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. (अकोले, अहिल्यानगर जिल्ह्यातलं. विदर्भातलं अकोला नव्हे. यावरूनही मागे एकाची गाडी भलतीकडे निघाली होती.) पहिल्या वाचनात राग आला, दुसऱ्यात निम्मा उतरला. उरलेल्या निम्म्यासाठी हे उत्तर.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. दादा पुण्याहून पावणेदोनशे किलोमीटर गाडी हाकत बायको-मुलीला घेऊन भंडारदऱ्याला आले. धरणाकाठी तंबू घेतला, रामनवमीच्या रात्री साडेदहा ते एक मान वर करून बसले, ‘तीस-चाळीस तारे’ मोजले आणि झोपले. मुलगी म्हणाली, बाबा, आकाशगंगा कुठंय? त्यांचा आरोप असा की लेखातला फोटो फसवा आहे, आकाश कुठे किती अंधारं ते दाखवणारा नकाशा खोटा आहे, खरी जागा मी मुद्दाम लपवतो आणि वर शहाजोगपणे खेड्यातल्या दिव्यांना नावं ठेवतो.

आधी माझी चूक. ‘एप्रिल-मे उत्तम’ असं मी ठळक अक्षरांत लिहिलं आणि चंद्राचं एक वाक्य शेवटच्या परिच्छेदात ढकललं. ते वाक्य खरं तर पहिलं हवं होतं. रामनवमी म्हणजे शुक्ल नवमी. अर्ध्याहून मोठा चंद्र आणि तो मावळणार रात्री अडीचच्या सुमाराला. तोवर आकाशात पातळ दूध कालवल्यासारखा उजेड असतो, मग तुम्ही भंडारदऱ्याला बसा नाहीतर लडाखमध्ये हानलेला. दुसरं असं की आकाशगंगेचा जो दाट भाग लोकांना बघायचा असतो, तो वृश्चिकाच्या शेपटीपाशी आणि धनू राशीत. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात तो उगवतोच मुळी मध्यरात्रीच्या आसपास. तुम्ही झोपायला गेलात एक वाजता. तीन-साडेतीनला तंबूतून डोकं बाहेर काढलं असतं, तर चंद्र गेलेला होता आणि आग्नेयेला क्षितिजापासून दीड-पावणेदोन वीत वर तीच आकाशगंगा होती, जिच्यासाठी तुम्ही घाट चढून आलात. (वीत म्हणजे हात पुढे ताठ करून बोटं फाकवायची. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ढोबळ वीस अंश. खगोलवाल्यांचं सगळ्यात स्वस्त उपकरण.) हे वाचून तुम्हाला आणखी चीड येईल, पण लपवण्यात अर्थ नाही.

तेव्हा कालनिर्णय आधी, गूगल मॅप नंतर. अमावस्येच्या अलीकडचे आठ दिवस आणि पलीकडचे तीन-चार, एवढाच महिन्यातला खरा हंगाम. त्यानंतर चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा मावळत जातो. आमच्याकडे याची गंमत अशी की अवसेच्या रात्री माळावर सोबतीला माणूस मिळत नाही. पौर्णिमेला दहा जण तयार. अवसेला म्हटलं की प्रत्येकाच्या घरी काहीतरी काम निघतं. माझ्या आईने तर पहिल्या वर्षी खिशात लिंबू घातलं होतं.

फोटोबद्दल. फोटो माझाच आहे आणि त्यात काही चिकटवलेलं नाही. पण तो वीस सेकंद शटर उघडं ठेवून घेतलाय, आणि डोळा वीस सेकंदांचा प्रकाश साठवत नाही. शिवाय अंधारात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात, त्यांना रंग कळत नाही. म्हणून जांभळं-गुलाबी काही दिसत नसतं. दिसतो तो राखाडी, दुधट पट्टा, मध्ये काळ्या भेगा असलेला. पहिल्यांदा बघणारे हमखास विचारतात, ‘हा ढग कधी जाणार?’ फोटोखाली एवढं लिहायला हवं होतं, ते आता लिहिलंय.

नकाशाचा मुद्दा मात्र तुम्ही बरोबर पकडलात, भले कारण वेगळं दिलंत. नकाशावर भंडारदरा काळा-निळा दिसतो आणि प्रत्यक्षात पश्चिमेकडे क्षितिज उजळलेलं. असं का? प्रकाश प्रदूषणाचे जे नकाशे आपण मोबाइलवर बघतो, त्यांतला एक २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक ॲटलासवर आधारलेला आहे. त्यानंतर इकडे किती हॉटेलं आणि तंबू झाले ते मी सांगायला नको. दुसरे नकाशे उपग्रहाच्या ताज्या मोजणीवरून बनतात, पण तो उपग्रह आपल्या डोक्यावरून जातो रात्री दीडच्या सुमाराला, बरेच दिवे मालवल्यावर. आणि त्याच्या सेन्सरला निळा प्रकाश जवळजवळ दिसतच नाही. पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, की नकाशावर गाव आहे तसंच राहतं, कधी थोडं काळवंडतंसुद्धा, आणि प्रत्यक्ष आकाश मात्र आणखी पांढुरकं होतं. नकाशा खोटं बोलत नाही. त्याला अर्धंच दिसतं.

मी काय करतो? दिशा बघतो. अकोल्यातून पूर्वेला संगमनेरचा उजेड, तो वीस-बावीस किलोमीटरवरही डोंगराच्या कडेला मळभासारखा दिसतो. वायव्येला इगतपुरी-नाशिक. घाटघरच्या कड्यावर उभं राहिलात तर खाली सगळं कोकण आणि त्यामागे कसारा, शहापूर ते पार मुंबईपर्यंतचा नारिंगी फुगवटा. दिवसा त्या जागेसारखी जागा नाही, रात्री पश्चिमेकडे तोंड करून बसू नये. उरते दक्षिण. राजूरवरून पाचनईकडे निघालात किंवा मुळेच्या खोऱ्यात कुमशेतच्या अंगाला उतरलात, की दक्षिणेला हरिश्चंद्रगडाची रांग येते आणि तिच्यामागे बराच वेळ मोठं शहर नाही. आकाशगंगेचा दाट भाग आपल्याकडून दक्षिणेलाच दिसतो, जास्तीत जास्त चाळीसेक अंश वर. म्हणजे दक्षिण काळी आणि मोकळी हवी. डोंगराच्या अगदी पोटात बसलात तर अंधार मिळेल आणि निम्मं आकाश जाईल. जागा दिवसा जाऊन बघावी लागते ती यासाठी.

तुमचा तंबू कुठे होता हे तुम्ही लिहिलंय, म्हणून मला अंदाज आहे. कॅम्पचं नाव घेत नाही. तिथे झाडाझाडाला दिव्यांच्या माळा, मधोमध शेकोटी, बार्बेक्यूवर ट्यूबलाइट आणि अकरापर्यंत स्पीकर. डोळा अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका मोबाइलच्या पडद्याने ती सरावलेली नजर क्षणात मोडते. तिथे तुम्ही अडीच तास बसलात तरी तुमचे डोळे एकदाही अंधारात गेले नाहीत. पुढच्या वेळी बुकिंग करताना एकच प्रश्न विचारा, ‘अकरानंतर सगळे दिवे बंद करता का?’ उत्तर देताना समोरचा अडखळला, की दुसरीकडे फोन लावा.

आता नेमकी जागा. तुम्ही लिहिलंत, ‘लोकेशनची पिन टाकायला काय पैसे पडतात?’ पैसे पडले, दादा, पण दुसऱ्याला. काही वर्षांपूर्वी मी कोतुळच्या पलीकडच्या एका माळाची पिन इथेच टाकली होती. पुढच्याच अमावस्येला चार गाड्या गेल्या. त्यांनी वाळलेल्या गवतात शेकोटी केली आणि ज्याचा माळ होता त्या शेतकऱ्याची गवताची गंज अर्धी जळाली. उन्हाळ्याच्या तोंडावर अर्धी गंज म्हणजे दोन बैलांचा किती दिवसांचा चारा, ते हिशेब करणाऱ्याला विचारा. तो मला शिवी घालायला आला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसतं विचारलं, ‘ही माणसं तुम्हीच धाडली होती का?’ तेव्हापासून पिन नाही. जिथे जाल तिथल्या वस्तीवर दिवसाउजेडी सांगून जा, कुणाच्या तरी खळ्यात किंवा अंगणाच्या कडेला बसायची परवानगी मागा, चहाचे पैसे द्या. कुटुंब बरोबर असेल तर हाच सुरक्षित मार्ग आहे. शिवाय पश्चिमेकडचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे रात्री मनाला येईल तिथे थांबता येत नाही. आणि खाली प्रवरेकाठच्या उसात बिबटे आहेत. ही अफवा नव्हे, आमच्या गल्लीतल्या गप्पांचा रोजचा विषय आहे.

तिथूनच तुमच्या शेवटच्या मुद्द्याकडे येतो, ज्याने मला खरं टोचलं. ‘तुम्हाला तारे दिसावेत म्हणून गावाने अंधारात राहायचं का?’ नाही. अजिबात नाही. साप-विंचू आणि बिबट्या असलेल्या गावात दिवा ही चैन नाही. माझ्या लेखातला ‘वस्त्यावस्त्यांवरचा दिव्यांचा उच्छाद’ हा शब्दप्रयोग उद्धट होता, तो काढला आहे. पण दिवा असणं आणि दिव्याने ढगाकडे बघणं यात फरक आहे. मी जिथे नेहमी बसतो, त्या वस्तीवरच्या मावशींनी शेळ्यांसाठी गोठ्यावर मोठा एलईडी लावला, आडवा, थेट रस्त्याकडे तोंड करून. मला आकाश दिसेना आणि मावशींना गोठा दिसेना, कारण उजेड सगळा समोरून डोळ्यात. त्यांच्या मुलाने आणि मी तेलाचा पंधरा किलोचा डबा घेतला, पत्रा कापायच्या कात्रीने एक बाजू उघडली, कडा ठोकून आत वळवल्या, आणि दिव्याचं तोंड खाली करून त्यावर टोपीसारखा तारेने बांधला. अर्ध्या तासाचं काम. मावशी म्हणाल्या, ‘आता शेळी मोजता येती.’ वीज तेवढीच, उजेड जिथे हवा तिथे.

मोठ्या प्रमाणावर हेच पेंचला झालं. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्याआधी सिल्लारी, खापा वगैरे गावांतले शंभरावर दिवे बदलून जमिनीकडे तोंड केलेले बसवले गेले. गावं अंधारात गेली नाहीत.

राहिली तुमची मुलगी. तिला फेब्रुवारीपर्यंत थांबायला सांगा आणि त्यासाठी भंडारदऱ्याला येऊ नका. फेब्रुवारीच्या मध्यात रात्री नवाच्या सुमाराला, दक्षिण मोकळी असलेल्या कुठल्याही पुण्याच्या गच्चीवर जा. मृगाच्या डावीकडे खाली लखलखणारा व्याध सापडेल, तो सगळ्यात तेजस्वी, चुकणार नाही. तिथून सरळ खाली पावणेदोन वीत उतरा. क्षितिजाच्या जरा वर एकटाच एक ठळक तारा दिसेल. तो अगस्ती. तेजस्वितेत आकाशातला दुसरा, आणि आमच्या गावातल्या प्रवरेकाठच्या आश्रमाच्या ऋषींचं नाव मिरवणारा. शहराचा उजेड त्याला पुसू शकत नाही, समोरची इमारत पुसू शकते.

दिसला तर इथेच कळवा. नाही दिसला तरी कळवा, फक्त त्या रात्रीची तिथी लिहायला विसरू नका.