गीता विश्वासला सगळं माहीत असतं

फेब्रुवारी २०२२ मध्ये 'शक्तिमान'वर तीन भागांचे सिनेमे काढणार अशी घोषणा झाली, तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळतेय. आज लिहूनच टाकते. सिनेमे निघायचे तेव्हा निघोत. मला काळजी एवढीच वाटते की त्यात इमारती कोसळतील, हिरो सतत चिडलेला असेल, सगळीकडे काळोख असेल आणि नायिका गीता विश्वास दोन प्रसंगांपुरती येऊन जाईल. मला 'शक्तिमान' परत हवाय, पण मालिका म्हणून हवाय आणि रोमँटिक कॉमेडी म्हणून हवाय. माझं म्हणणं आहे की ती मालिका मुळात तीच होती, आपण लहान होतो म्हणून गरगर फिरण्याकडे बघत बसलो.

आठवून बघा. १३ सप्टेंबर १९९७ ला दूरदर्शनवर सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री हे नाव आमच्या चाळीतलं प्रत्येक पोर एका दमात म्हणायचं. पुढे आलेले दात, जाड चष्मा, चापून बसवलेले केस आणि 'आज की आवाज' नावाच्या पेपरात फोटोग्राफरची नोकरी. त्याच पेपरात गीता विश्वास रिपोर्टर. ती शक्तिमानच्या बातमीसाठी जिवाचं रान करते आणि शक्तिमान तिच्या शेजारी कॅमेरा घेऊन उभा असतो. यापेक्षा सरळ प्रेमकथा कोणती हवी? किटू गिडवानी आणि नंतर वैष्णवी महंत, दोघींनीही गीता ताठ मानेची केली होती. घाबरून किंचाळत राहणारी नायिका नव्हती ती, कामाला निघालेली बाई होती. खलनायक किल्विशचे प्रसंग आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. पेपरच्या ऑफिसातले मात्र लख्ख आठवतात.

अमेरिकेत हा प्रयोग आपल्या आधी होऊन गेलाय. १९९३ च्या सप्टेंबरात एबीसी वाहिनीवर 'लोइस अँड क्लार्क' सुरू झाली. डेबोरा जॉय लव्हाइन यांनी सुपरमॅनची गोष्ट सरळ रोमँटिक कॉमेडीच्या साच्यात घातली. नाव बघा ना, बाईचं नाव आधी, मग चष्मेवाल्याचं, आणि सुपरमॅन बिचारा खाली उपशीर्षकात. लोइस झाली टेरी हॅचर आणि क्लार्क झाला डीन केन. उडणं, इमारती वाचवणं वगैरे होतंच, पण मालिका चालायची ती एका ऑफिसातल्या दोन टेबलांवर. आणि त्यात गैर काहीच नव्हतं, कारण १९३८ साली सुपरमॅन पहिल्यांदा छापला गेला त्याच अंकात लोइस लेनही आहे. ती नंतर चिकटवलेली नाही.

या मालिकेपायी कॉमिक्समध्ये काय घडलं ते वाचून मी थक्क झाले होते. तिकडे दोघांचा साखरपुडा १९९० मध्येच झाला होता, १९९१ मध्ये लोइसला त्याचं गुपितही कळलं होतं, आणि आता लग्न लावायचं ठरत होतं. तेवढ्यात मालिका येणार असं कळलं. मग लग्न मालिकेतल्या लग्नाबरोबरच लावू म्हणून थांबवलं. पण थांबवायचं तर मधल्या अंकांत करायचं काय? त्यांनी १९९२ मध्ये सुपरमॅनला मारलं. जगभर गाजलेला तो मृत्यू एका लग्नाची तारीख पुढे ढकलायची म्हणून घडला. पुढे त्याला परत आणला आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये मालिकेत आणि कॉमिकमध्ये लग्न एकदमच लागलं. सुपरहीरोच्या गोष्टीत प्रेमाचं धूड किती मोठं असतं, ते यावरून कळावं.

पण मला 'लोइस अँड क्लार्क'मध्ये सगळ्यात जास्त काय आवडतं ते वेगळंच आहे. चष्मा लावला की क्लार्क, काढला की सुपरमॅन, आणि देशातली हुशार पत्रकार रोज शेजारी बसून ओळखत नाही. प्रेक्षक म्हणून आपण हे सोडून देतो. मालिकेने सोडलं नाही. दुसऱ्या सीझनमध्ये टेम्पस नावाचा खलनायक भविष्यातून येतो आणि लोइससमोर स्वतः चष्मा घालून, काढून, पुन्हा घालून दाखवतो, की बाई, एवढं तुला कळलं नाही! हसू येतं, पण मला तिच्यासाठी वाईटही वाटलं होतं. कारण तो अपमान तिचा एकटीचा नाही. तिला असं लिहिणाऱ्या सगळ्यांनी मिळून केलेला आहे. आणि मग भरपाई होते. त्याच सीझनच्या शेवटी क्लार्क तिला पावसात लग्नाचं विचारतो आणि भाग तिथे संपतो. पुढच्या सीझनच्या सुरुवातीला ती हात लांबवून त्याचा चष्मा काढते आणि विचारते, कोण विचारतंय, क्लार्क की सुपरमॅन? तिने स्वतःच ओळखलेलं असतं. मी तो प्रसंग किती वेळा पाहिलाय याला मोजदाद नाही.

नंतर मात्र मालिकेने लोकांशी दगा केला. फेब्रुवारी १९९६ मध्ये लग्न दाखवलं, आणि नवरी निघाली लोइसची नक्कल, बेडूक खाणारी. लोक भडकले. खरं लग्न आठ महिन्यांनी लागलं, आणि जून १९९७ मध्ये मालिका बंद पडली. तेव्हापासून टीव्हीवाले म्हणत आलेत, की जोडीचं लग्न लावलं की गंमत संपते. मला हे अजिबात मान्य नाही. ज्या लग्नासाठी लोक तीन वर्षं जीव टांगून बसले होते, तिथे त्यांना बेडूक दाखवला, तिथे विश्वास गेला. लग्नानंतर गंमत संपते असं म्हणणाऱ्याने आमचं घर पाहिलेलं नाही.

ते सांगतेच. पण आधी आपल्याकडचं एक.

माझ्या आजीने मला ठाण्याच्या गडकरी रंगायतनला 'संगीत सौभद्र' दाखवलं होतं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं, १८८२ चं. तेव्हा मी अर्धं झोपेत पाहिलं, मोठी झाल्यावर पुन्हा पाहिलं आणि उडालेच. गोष्ट काय आहे? महापराक्रमी अर्जुन. सुभद्रा त्याची, पण बलरामाने तिचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय. म्हणून हा गांडीवधारी वीर संन्याशाचा वेश घेतो. बलराम स्वतःच त्याला मानाने घरी आणतो आणि त्याच्या सेवेला ठेवतो कुणाला, तर सुभद्रेला! सगळं ठाऊक असलेला कृष्ण बाजूला उभा राहून मजा बघतो. शक्तीचा घटोत्कचही आहे त्यात. सांगा मला, वेश बदललेला सुपरहीरो, समोर त्याच्यासाठी झुरणारी मुलगी, आणि पोट धरून हसणारे प्रेक्षक, हे अमेरिकेकडून शिकायची आपल्याला काय गरज? क्लार्कचा चष्मा आणि अर्जुनाची छाटी एकाच खुंटीवर टांगता येतील. त्यामुळे 'शक्तिमान'ची रॉमकॉम म्हणजे कुठलं तरी परकं खूळ, असं कुणी म्हणू नये.

आता आमचं घर. आम्ही ठाण्यात, चरईत चाळीत राहायचो. बाबा लाइनमन. रविवारी दुपारी बारा वाजता 'शक्तिमान' लागायचं, आणि पावसाळ्यात नेमके तेव्हाच दिवे जायचे. सगळी चाळ ओरडायची. आमच्या घरात मात्र कुणी ओरडायचं नाही, कारण बाबा तोवर ताटावरून उठलेले असायचे. पक्कड, टेस्टर, रबरी हातमोजे, रेनकोट. आई ताटावर ताट पालथं घालून ठेवायची. टीव्हीतला किल्विश 'अंधेरा कायम रहे' म्हणायचा, आणि माझे बाबा तो अंधार घालवायला गेलेत यावर माझा पक्का विश्वास होता. आजही आहे.

मी सातवीत असतानाची गोष्ट. जून महिना, कुठेतरी डीपीवर, म्हणजे रस्त्यावरच्या विजेच्या पेटीवर, फ्यूज घालताना मोठा स्पार्क झाला होता. हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. त्या रात्री बाबा उशिरा आले, बूट काढले, काही बोलले नाहीत. आईने तांब्या पुढे केला. त्यांनी तो डाव्या हाताने घेतला. आईने एकदा पाहिलं आणि ती आत गेली. ताट आणलं तर त्यात पोळी नव्हती. पोळी दुधात कुस्करून वाटीत घातली होती, वर चमचा. म्हणाली, "दूध उरलंय आज, नासून जाईल, तेवढं संपवा." बाबांनी डाव्या हाताने चमचा धरून खाल्लं. त्यांना वाटलं, आपण छान निभावलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यात खिचडी होती. तिसऱ्या दिवशीही खिचडी. चौथ्या दिवशी बाबा मला हळूच म्हणाले, "आईचं काय चाललंय, रोज खिचडी?" मी काही बोलले नाही. मलाही माहीत होतं.

एप्रिल २०२० मध्ये सगळे घरात कोंडलेले असताना दूरदर्शनने 'शक्तिमान' पुन्हा दाखवलं. बाबा निवृत्त, आई मेथी निवडतेय, माझी मुलगी सहा वर्षांची, त्या दोघांच्या मधे. गंगाधर काहीतरी कारण सांगून पळाला आणि दोन मिनिटांत शक्तिमान आला. मुलीने विचारलं, "आजी, हिला कळत कसं नाही?" आई मेथीवरची नजर न काढता म्हणाली, "कळलंय तिला. त्याला सांगत नाही एवढंच." बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्या क्षणी मला माझी मालिका सापडली. रोमँटिक कॉमेडी करायची तर गीताला पहिल्याच भागात कळलेलं असलं पाहिजे. कळलंय हे गंगाधरला कळता कामा नये. मग बघा काय होतं. गुपित तिचं होऊन जातं. तो सगळ्या जगाला फसवतोय, आणि फसतोय तो स्वतः. ती त्याला पळून जायला निमित्त पुरवते. संपादक विचारतात गंगाधर कुठे, तर ती म्हणते मीच पाठवलंय कॅमेऱ्याची बॅटरी आणायला. तो परत येतो तेव्हा बॅटरी तिने टेबलावर आणून ठेवलेली असते, आणि त्याला वाटतं आपलं नशीब जोरावर आहे.

आणि हे घडायला हवं ठाण्यात. खर्चाच्या दृष्टीनेही बरं. आपल्या मालिकांना संगणकावर शहरं पाडणं परवडत नाही, आणि पाडायचीही नाहीत. पराक्रम सगळा बाहेर होऊ दे. आपण फक्त तो परत आलेला बघू. शर्टाचं बटण चुकलेलं, केसात गवत. एक कल्पना तर मला इतकी आवडते की झोपेतून उठून लिहून ठेवली होती. हा उडतो, म्हणजे कासारवडवलीहून नौपाड्यात दोन मिनिटांत येईल. पण संध्याकाळी घोडबंदर रोडने येणारा माणूस दोन मिनिटांत आला तर संशय येणार. मग बिचारा एखाद्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर तासभर बसून राहतो, मानपाड्याला बस कुठवर आली ते वरून बघत. बस ठाणे स्टेशनात शिरली की खाली उतरतो आणि घाम पुसल्यासारखं करत ऑफिसात येतो. गीता एकदाच त्याच्या बुटांकडे बघते. बाहेर धो धो पाऊस, सगळ्यांच्या बुटांना चिखल, याचे कोरडे. ती काही बोलत नाही, फक्त कुंडीतली थोडी माती त्याच्या बुटांवर सांडवते. "अगं बाई, सॉरी हं!"

तलावपाळीचा प्रसंग तर हवाच. दोघं मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर बसलीत, समोर बोटी, मागे गडकरीला तिसरी घंटा झाल्यामुळे पळणारी माणसं. तो आज सांगणार आहे. तीन भाग झाले, तो सांगणार सांगणार म्हणतोय. "गीताजी, मला तुम्हाला एक..." आणि तेवढ्यात स्टेशनच्या बाजूला दिवे जातात, एकेक रस्ता काळा होत येतो. किल्विश असेल नाहीतर नुसता विजेचा फीडर ट्रिप झाला असेल, त्याला जावं लागणार. तो चाचरतो, छत्री राहिली म्हणतो. छत्री त्याच्या हातात असते. ती ती छत्री हळूच स्वतःकडे घेते आणि म्हणते, "हो, जा, आणा. मी थांबते." आणि त्याच्या चहाच्या कपावर बशी पालथी घालून ठेवते.

गंगाधरसाठी मला दात पुढे काढून हसवणारा नट नको. घाबरला की खरंच घाबरलेला वाटेल असा हवा. गीतासाठी माझ्या डोक्यात एक नाव पक्कं आहे, ते मी इथे लिहिणार नाही. आधी तुमचं सांगा.