कॉफीचं चुकलं, मग एक्स-रेचं बरोबर कसं?

नमस्कार. आजार कोणाला आणि कशामुळे होतात हे आकडेवारीतून शोधणारे साथरोगतज्ज्ञ ब्रायन मॅकमहन यांच्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही लांब आणि तिखट प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही लांबणार आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. कॉफीने स्वादुपिंडाचा कॅन्सर होतो म्हणून ज्याने जगाला घाबरवलं त्याचं कौतुक कशाला? लोकांना ‘आठवून सांगा’ म्हणायचं आणि त्यालाच पुरावा मानायचं, हे कसलं शास्त्र? तुमचे आजोबा जन्मभर सिगारेट ओढून नव्वदीपर्यंत ठणठणीत राहिले, त्याचं काय? आणि जीवनशैलीच्या नावाखाली शेवटी आजारी माणसालाच आरोपी ठरवलं जातं, त्याचं काय?

कॉफीपासून सुरुवात करतो, कारण मॅकमहन यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण माझ्या मते तेच आहे. १९८१चा तो अभ्यास मुळात तंबाखू आणि दारूसाठी हाती घेतलेला होता. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे ३६९ रुग्ण आणि तुलनेला इतर आजारांचे ६४४ रुग्ण. त्यात अनपेक्षितपणे कॉफी वर आली : दिवसाला तीन किंवा जास्त कप पिणाऱ्यांत धोका अडीच पटींहून अधिक. गोम होती ती त्या ६४४ जणांत. त्यांना निवडलं होतं कॅन्सरच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्याच इतर रुग्णांमधून. हे डॉक्टर बरेचसे पोटविकारांचे. म्हणजे तुलनेतल्या अनेकांना पोटाचा त्रास होता, आणि पोटाचा त्रास असलेला माणूस कॉफी आपणहून कमी करतो किंवा डॉक्टर त्याला ती सोडायला लावतात. कॅन्सरवाले जास्त कॉफी पीत होते असं नाही, समोरचे कमी पीत होते. हा आक्षेप इतर साथरोगतज्ज्ञांनी लगेच घेतला. १९८६ साली मॅकमहन यांच्याच गटाने नव्या रुग्णांवर पुन्हा अभ्यास केला, तेव्हा ‘जितके कप जास्त तितका धोका जास्त’ हा आधीचा चढता क्रम दिसला नाही, आणि तसं त्यांनी छापलंही. २०१६ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कॉफीचा आढावा घेतला, त्यात स्वादुपिंडापुरती कॉफी जवळजवळ निर्दोष सुटली. पण वर्तमानपत्रांनी १९८१चा मथळा जेवढ्या मोठ्या अक्षरांत छापला, तेवढ्या अक्षरांत पुढचं कोणी छापत नाही. तुमचा राग तिकडे वळला तर मी तुमच्या बाजूने आहे.

आता आठवणींचा प्रश्न. हा आक्षेप तुमच्या आधी फार मोठ्या माणसांनी घेतलेला आहे. १९५६ साली ऑक्सफर्डच्या अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी कॅन्सरने दगावलेल्या मुलांच्या आयांना आणि निरोगी मुलांच्या आयांना सारखेच प्रश्न विचारले. गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढला गेल्याचं पहिल्या गटात सुमारे दुप्पट आढळलं. टीकाकार म्हणाले, मूल गेलेली आई बारीकसारीक गोष्टी खोदून आठवते, दुसरी विसरून जाते. फरक एक्स-रेचा नाही, स्मरणाचा आहे. धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचं नातं दाखवणारे रिचर्ड डॉल यांनासुद्धा १९६०च्या आपल्या अभ्यासात असा धोका दिसला नव्हता. इथे मॅकमहन येतात. त्यांनी कोणालाही काही विचारलंच नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या ३७ रुग्णालयांत जन्मलेली सात लाखांहून अधिक मुलं घेतली आणि आयांचे एक्स-रे रुग्णालयाच्या कागदपत्रांतून शोधले. ती कागदपत्रं मूल दगावायच्या आधीच लिहिलेली, त्यामुळे दुःखाने त्यांत भर पडण्याचा प्रश्नच नव्हता. १९६२ साली उत्तर आलं : एक्स-रे झालेल्या गटात कॅन्सरचे मृत्यू सुमारे ४० टक्के जास्त. स्ट्युअर्ट यांच्यापेक्षा आकडा लहान, दिशा तीच.

म्हणजे रुग्ण आणि तुलनेची माणसं शेजारी ठेवायची ही पद्धत दोन्हीकडे सारखीच. फरक पडला तो तुलनेला कोणाला घेतलं आणि माहिती कुठून आणली, यात. त्यामुळे ‘असले अभ्यास खरे की खोटे’ हा प्रश्न मला निरुपयोगी वाटतो. प्रत्येक बातमीला एकच विचारावं : तुलनेला कोण होतं? हे बातमीत दिलेलं नसेल तर ती खुशाल सोडून द्यावी.

आजोबांबद्दल फार लिहीत नाही. ब्रिटनमधल्या आकडेवारीनुसार सिगारेट न सोडणाऱ्या शंभर पुरुषांपैकी सुमारे १६ जण पंचाहत्तरीच्या आत फुप्फुसाच्या कॅन्सरने जातात. कधीच न ओढणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात एकही नाही. उरलेले ८४ या एका आजारातून सुटतात (इतर आजार असतातच). तुमचे आजोबा त्यांतले. त्यांनी आकडेवारी खोटी पाडलेली नाही, ते तिच्यातच आहेत.

आता आरोपीचा मुद्दा. हा तुमचा सगळ्यात वजनदार आक्षेप, आणि तो संशोधनाला नव्हे तर संशोधनाच्या वापराला लागू पडतो, असं माझं मत. १९७०मध्ये मॅकमहन आणि सहकाऱ्यांनी बॉस्टनपासून तैपेई-टोकियोपर्यंत सात ठिकाणच्या स्त्रियांचा अभ्यास केला. पहिलं मूल अठराच्या आत झालेल्या स्त्रियांना स्तनाच्या कॅन्सरचा धोका पस्तिशीनंतर पहिलटकरीण झालेल्यांच्या सुमारे एक तृतीयांश निघाला. याचा सल्ला करून बघा! कोणताही शहाणा माणूस करणार नाही. पण स्तनाच्या पेशींवर गरोदरपणाचा, संप्रेरकांचा काय परिणाम होतो हे शोधायला त्यातून दिशा मिळाली.

शिवाय, धोक्याचे घटक म्हणजे फक्त सवयी, असं तुम्ही धरून चालला आहात. एक्स-रे ही आईची सवय नव्हती. १९७१चं उदाहरण तर याहून बोचरं आहे. बॉस्टनमध्ये १५ ते २२ वयाच्या आठ मुलींना योनिमार्गाचा एक अत्यंत दुर्मीळ कॅन्सर झालेला आढळला. त्यांतल्या एकीच्या आईनेच डॉक्टरांना विचारलं, गरोदरपणी मी घेतलेल्या त्या गोळ्यांमुळे तर नसेल? आर्थर हर्बस्ट आणि सहकाऱ्यांनी तपास केला. आठपैकी सात आयांनी गर्भपात टळावा म्हणून डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक) घेतलं होतं. तुलनेला घेतलेल्या ३२ आयांपैकी एकीनेही नाही. तुम्ही ज्या आठवणींना हसलात, त्यांतल्याच एकीपासून हा शोध सुरू झाला. आणि त्या गोळीने गर्भपात टळत नाही, हे १९५३मध्येच शिकागोच्या एका चाचणीत दिसलं होतं, तरी डॉक्टर ती पुढे अठरा वर्षं लिहून देत राहिले. आठ मुलींचा तो छोटासा अभ्यास एप्रिलमध्ये छापून आला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गरोदर स्त्रियांना हे औषध देऊ नका असं डॉक्टरांना कळवलं.